राहिलेले चार पंप

त्याच्या आईने तिकडे घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा परदेशात मशीनचा डॉक्टर आहे. यात खोटं काही नव्हतं. बायोमेडिकल इंजिनिअरची पदवी, त्याच कामाच्या नावाने मिळालेला व्हिसा, मोठ्या हॉस्पिटलात नोकरी. फक्त हा डॉक्टर तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत बसतो आणि निम्मा दिवस खाटांची चाकं बदलतो, हे तिला माहीत नव्हतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आणि डोंगरावर जाऊन बसलेला माणूस खाली फोन करून थोडाच सांगतो की इथे नुसते दगड आहेत?

व्हिसा हॉस्पिटलच्या नावाला बांधलेला होता. नोकरी गेली तर साठ दिवसांत चंबूगबाळं आवरून निघायचं. कायमचं राहायचं असेल तर तीन वर्षं पुरी करून वर साहेबाचं पत्र हवं, की या माणसाने खरोखर इंजिनिअरचंच काम केलं. तीन वर्षं येत्या शुक्रवारी भरत होती. या साहेबाला तो आणि त्याची बायको घरात ‘मुकादम’ म्हणत. मुकादम कधी ओरडायचा नाही. ओरडणारा परवडला. हा खांद्यावर हात ठेवून बोलायचा, आणि घरी आल्यावरही तो हात खांद्यावरच आहे असं वाटायचं.

सहा आठवड्यांपूर्वी बाहेरचे लोक वार्षिक तपासणीला येणार होते. त्याआधी सलाइनचे साठ पंप तपासून व्हायला हवे होते. पंप म्हणजे खाटेशेजारच्या दांडीवरचा डबा; तासाला किती औषध शरीरात जायचं ते तो ठरवतो, आणि नळीत हवेचा बुडबुडा आला तर बोंब ठोकतो. प्रत्येक पंप तासभर चालवायचा, पाणी मापात मोजायचं, तो वेळेवर बोंबलतो का ते बघायचं आणि मग हिरवा स्टिकर लावून खाली आपली सही करायची. एकोणपन्नास झाले. अकरा पंप पेशंटना लावलेले होते, ते सुटेनात.

“अरे, स्टिकर लावून टाक,” मुकादम म्हणाला. “सोमवारी निवांत तपास. पंप काय पळून जातायत?” आणि दारातून वळून, “तुझं पत्र टाइप करायला घेतलंय हं.”

पंप पळतातच. पेशंट या वॉर्डातून त्या वॉर्डात गेला की पंप त्याच्यामागे जातो, तिथून तिसरीकडे. मुकादमाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याला स्वतःलाही ठाऊक होतं, आणि तरी त्याने अकरा स्टिकर लावले. मग अकरा नंबर एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक पंप हुडकायला लागला. सात सापडले, सातही ठणठणीत निघाले. चार काही हाती लागेनात. उघड विचारायची सोय नव्हती. चोराच्या मनात चांदणं, एखाद्या सिस्टरने “का हो?” म्हटलं तर काय सांगणार? पँट धुवायला टाकताना बायकोला ती चिठ्ठी सापडली. “हे कसले नंबर? लॉटरीबिटरी घेतोस की काय?” तो हसला. सांगितलं मात्र नाही.

या गुरुवारी सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. सातवा महिना. हॉस्पिटल त्याचंच, जवळचंही तेच. डॉक्टरीणबाईंनी कळा थांबवायचं औषध सुरू केलं आणि घाबरायचं नाही असं सांगून गेल्या. “हे औषध कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त गेलं तर बाईंना श्वासाचा त्रास,” वॉर्डची मोठी सिस्टर म्हणाली. “पण पंप आहे ना, तो बरोबर सोडतो.”

तेव्हा त्याने पंपाकडे पाहिलं. हिरवा स्टिकर. खाली त्याचीच सही. नंबर एक्केचाळीस.

राहिलेल्या चारांतला एक. चिठ्ठी काढायची गरज नव्हती, चारही नंबर त्याला पाठ होते.

“सिस्टर, हा जरा बदलून देता? आवाज करतोय.”

पंप काही आवाज करत नव्हता. पण इंजिनिअरच्या बायकोची खाट, सिस्टरने एका शब्दाने विचारलं नाही. दुसरा पंप आणून लावला. तो त्यानेच मागच्या महिन्यात तासभर पाणी मोजून तपासला होता. त्याचा जीव भांड्यात पडला. बायकोचा हात धरून तो खुर्चीवर टेकला, आणि तेवढ्यात सिस्टरने एक्केचाळीस नंबर ढकलत पलीकडच्या खाटेशी नेला. तिथे एक बाई होती, तिचेही दिवस भरले नव्हते. जवळ कोणी नव्हतं. सिस्टरने स्टिकर पाहिला, मान हलवली आणि नळी जोडायला घेतली.

तो खुर्चीवरून उठला नाही. सात चांगले निघाले, हाही चांगलाच असणार. उद्या शुक्रवार. एकदा पत्र हातात पडू दे, मग पहिलं काम हेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली होती, आणि त्याला स्वतःची किळस येत होती.

बायको त्याच्याकडे बघत होती.

“तो खराब आहे का रे?”

“नाही.”

“मग माझा का बदललास?”

 तिने नुसता हात काढून घेतला, आणि ते त्याला सोसवेना.

तो उठला. “सिस्टर, तो लावू नका.” मग त्याने नखाने तो हिरवा स्टिकर खरवडून काढला. चांगला चिकटवलेला होता, निघता निघेना.

“अहो, हे काय करताय? सही आहे ना त्याच्यावर. कोणाची आहे?”

“माझी,” तो म्हणाला. “मी हा तपासलेला नाही. असे आणखी तीन आहेत.”

 सिस्टरने ड्रॉवरमधून तक्रारीचा छापील फॉर्म काढला आणि तो भरून त्याच्यासमोरच वर पाठवला.

दुपारी तळघरात त्याने आणि मुकादमाने मिळून एक्केचाळीस नंबर तासभर चालवला. पाणी मापात मोजलं. अगदी काट्यावर. बुडबुडा सोडला, पंपाने लगेच बोंब ठोकली. बॅटरीसुद्धा नवी.

“बघ,” मुकादम म्हणाला. आवाज अजूनही मऊच होता. “काही झालेलं नव्हतं रे. एक दिवस मूग गिळून बसला असतास तर?” टाइप केलेलं पत्र त्याने ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. “स्टिकर लाव असं मी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. पाच वाजता तुझं हॉस्पिटलचं कार्ड जमा कर.”

तो वर आला. बायकोच्या कळा थांबल्या होत्या. पलीकडची बाई वेगळ्या पंपावर गाढ झोपली होती. त्याने बायकोला सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून.

“पंप कसा निघाला?”

“चांगला. एकदम चांगला.” त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. “उगाच घालवलं गं सगळं.”

ती छताकडे बघत राहिली. साठ दिवस, सातवा महिना, विमानप्रवास. मनातल्या मनात तिची जुळवाजुळव चालली असावी. मग तिने विचारलं, “बाकीचे तीन?”

“नाही सापडले.”

“किती वाजले?”

“साडेतीन.”

“कार्डाने दारं अजून उघडतात ना?” ती म्हणाली. “मग इथे काय बसलायस?”

तो उठला. दाराशी त्याने कार्ड टेकवलं. दिवा हिरवा झाला, आणि तो आधी मुलांच्या वॉर्डाकडे निघाला. या वेळी कोणी “का हो?” विचारलं तर सांगायला त्याच्याकडे उत्तर होतं.