माझ्या खडखडीचा तक्ता

मी सिस्टरांची गाडी बोलतेय. राखाडी रंग, चार दारं, वय वर्षं पंधरा. उजव्या आरशाला चिकटपट्टी लावलेली आहे, ते आधीच सांगते, म्हणजे तुमचं सगळं लक्ष तिकडे जायला नको.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे दर दोन मिनिटांनी माझ्यासारखीच एक बाहेर पडत होती, त्यामुळे कौतुक वगैरे काही झालं नाही. एका माणसानं माझं दार चारदा उघडून आपटलं, काचेवर खडूनं खूण केली आणि तो पुढच्या बहिणीकडे वळला. मग शोरूममध्ये माझे मालक आले, नवरा-बायको. नवऱ्यानं माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि टायरला हलकीशी लाथ मारली. का मारली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. इतर गिऱ्हाइकं मारत होती, म्हणून मारली. बायकोनं आपली भलीमोठी पिशवी मागच्या सीटवर ठेवून पाहिली, ती मावली, आणि त्या म्हणाल्या, "हीच घेऊ."

त्या घरोघरी जाऊन रुग्णांचं बघणाऱ्या नर्स. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या तान्ह्या बाळाची अंघोळ. सगळा भाग त्यांना सिस्टर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांचे यजमान ग्रंथपाल. तीस हजार पुस्तकांतलं कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, ते डोळे मिटून सांगतील. पण माझ्यासोबत आलेलं माहितीपुस्तक अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात पडून आहे. गाडीतलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ ओळखणारा एक जण होता. ग्रंथपाल मला दरवर्षी ज्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला न्यायचे, तिथला गळ्यात टाय बांधलेला माणूस. मी त्याला टायवाला म्हणते. तिथे गार हवा, मऊ सोफा आणि फुकट कॉफी. एवढी महाग फुकट कॉफी मी दुसरीकडे पाहिली नाही. टायवाला कधीही "हे करायचं का?" असं विचारत नसे. तो म्हणायचा, "हे करून घेऊ या ना सर. तुम्हाला तर माहीतच आहे." झालं. माहीतच आहे म्हटल्यावर माणूस विचारणार काय? ग्रंथपाल गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे. त्या एका मानेवर माझ्या अंगाला काय काय झालं म्हणून सांगू. आतून सुगंधी वाफ दिली, दारांच्या रबराला खास तेल चोळलं, आणि एकदा तर काच धुवायच्या पाण्याची तपासणी झाली. पाणी पास झालं म्हणे.

बाराव्या वर्षी त्यांनी माझ्या पोटाला गंजरोधक लेप लावायचं ठरवलं. मला वर उचललं, खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं, लेप फासला, आवरण पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोटात खडखड सुरू झाली.

मला कारण पहिल्या वळणालाच कळलं होतं. पण सांगणार कुणाला आणि कसं? हॉर्न वाजवणं माझ्या हातात नाही.

ग्रंथपाल मला पुन्हा तिथेच घेऊन गेले. टायवाल्यानं मला चौकात एक चक्कर मारून आणलं आणि दुःखी चेहरा केला. "सर, सस्पेन्शन गेलंय. पूर्ण. स्टिअरिंगपण त्याच वाटेवर आहे. एवढा खर्च हिच्यावर करण्यापेक्षा हिला एक्स्चेंजमध्ये देऊन नवी घ्या. तुम्हाला तर माहीतच आहे." ग्रंथपालांनी मान डोलवली आणि एक्स्चेंजच्या कागदावर सही केली. शनिवारी मला कायमचं सोडायचं ठरलं.

त्या संध्याकाळी दारात मला धुता धुता सिस्टरांनी विचारलं, "अहो, पण नेमकं झालंय काय हिला?"

"सस्पेन्शन."

"म्हणजे काय?"

"सस्पेन्शन म्हणजे... सस्पेन्शन. तुला नाही कळायचं ते."

"मी रुग्णाच्या घरी असं बोलले तर मला दारातूनच परत पाठवतील," सिस्टर म्हणाल्या. "नवी कधी मिळणार?"

"दीड महिन्यानं."

सिस्टरांनी फडकं बादलीत टाकलं. "टेकडीवरच्या बाईंचा पाय दीड महिना थांबणार आहे का?"

या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. साखरेच्या आजारानं पायाला जखम झाली होती. ती सकाळ-संध्याकाळ धुतली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. टेकडीवर बस जात नाही. मी जाते. मला भंगारात जायची भीती होतीच, खोटं कशाला बोलू, पण त्या अंगठ्याची काळजी जास्त होती.

ग्रंथपाल घरात निघून गेले. सिस्टरांनी मात्र रुग्णाच्या तापाचा तक्ता असतो तसला एक कागद घेतला आणि माझ्या डॅशबोर्डला चिकटवला. तीन दिवस त्यांनी माझं दुखणं लिहून काढलं. डावं वळण, आवाज उजवीकडे. उजवं वळण, आवाज डावीकडे. उतारावर ब्रेक, आवाज पुढे. चढावर मागे. उभी असताना इंजिन चालू, काही नाही. बारा वर्षांत माझी एवढ्या प्रेमानं कुणी चौकशी केली नव्हती.

आता प्रश्न होता दाखवायचं कुणाला. चांगला मिस्त्री कोण, असं विचारलं की जो तो आपल्या मेव्हण्याचं नाव सांगतो, हे सिस्टरांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी घरोघरी ड्रेसिंग करताना वेगळंच विचारलं, "तुमची गाडी बघून, हिला काही झालेलं नाही, घेऊन जा, असं कुठला मिस्त्री कधी म्हणाला का?" बहुतेक घरांत लोक आठवत बसले. तीन घरांत मात्र एकाच माणसाचं नाव निघालं.

हा मिस्त्री पावभट्टीच्या मागच्या शेडमध्ये बसायचा. सोफा नाही, कॉफी नाही, एक स्टूल आणि त्यावरही मांजर. शुक्रवारी दुपारी सिस्टर मला घेऊन गेल्या. त्यानं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. तो मागच्या सीटवर बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "तुम्ही रोज चालवता तशी चालवा. मी चालवली तर ती माझ्यासारखी वाजेल." दोन वळणं आणि एक उतार झाल्यावर त्यानं डोळे उघडले. मग त्याला तक्ता दिसला. तो त्यानं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. तिकडे सस्पेन्शन गेलंय म्हणाले. का, चुकलंय का काही?"

"चुकतंय कसलं. माझं निम्मं काम केलंत. बाई, सस्पेन्शन म्हणजे चाकांजवळ धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा वगैरे. त्यांचा आवाज आपली जागा सोडून फिरत नाही. हा उतारावर पुढे येतो, चढावर मागे जातो. आत काहीतरी घरंगळतंय."

शेडमध्ये आल्यावर तो पाठीवर माझ्याखाली सरकला. आवरणाचे स्क्रू सैल केले, आणि त्याच्या छातीवर एक भलामोठा पाना पडला. पान्याच्या दांड्यावर त्या सर्व्हिस सेंटरचं नाव कोरलेलं होतं. लेप लावणारे पाना माझ्याच पोटात विसरून गेले होते, आणि तो आवाज ऐकून मलाच मोडीत काढत होते. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

"आमच्याकडे पोटात कात्री राहिली तर चौकशी बसते," सिस्टर म्हणाल्या, आणि मग त्या स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यासाठी मांजराला उठावं लागलं.

मिस्त्रीनं चार स्क्रू पिळायचे पैसे घेतले नाहीत. त्यानं तो तक्ता मागून घेतला. "भिंतीला लावतो. लोक येतात, आवाज येतो म्हणतात. कुठून विचारलं की माझ्याकडेच बघतात." वर हेही सांगितलं, की मागचे ब्रेक लायनर दोन महिन्यांनी बदलावे लागतील, आज बदलू नका.

शनिवारी सिस्टरांनी पाना ग्रंथपालांच्या हातात ठेवला. "सही तुम्ही केलीत, जायचंही तुम्हीच."

टायवाल्यानं पाना पाहिला. एक क्षण त्याचा चेहरा उतरला, पण तो सावरला. "सॉरी सर, आमचाच आहे. पण सस्पेन्शनचा प्रॉब्लेम वेगळा, तो आहेच. तुम्हाला तर माहीतच आहे."

मी काचेच्या दाराबाहेर उभी होते. दार उघडं होतं. ग्रंथपालांची मान डोलायला निघालेली मला दिसली, आणि माझा धीर सुटला. पण मान मध्येच थांबली.

"नाही," ते म्हणाले. "मला माहीत नाही. बारा वर्षं मला यातलं काहीही माहीत नव्हतं. आता मला दाखवून सांगा. मला कळेपर्यंत मी इथे बसतो."

आणि ते खरंच बसले. सोफ्यावर कॉफी पीत असलेल्या एका गृहस्थानं कप खाली ठेवला. "मलाही दाखवा," तो म्हणाला. "मागच्या वर्षी माझंही सस्पेन्शन गेलं होतं." टायवाला मोठ्या साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला. अर्ध्या तासानं तो नाही, ग्रंथपालांनी सही केलेला एक्स्चेंजचा कागद तेवढा रद्द होऊन बाहेर आला.

बाईंचा अंगठा वाचला. सिस्टर टेकडीवर पोचल्या की आता त्या स्वतः चालत दारापर्यंत येतात.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मिस्त्री पुन्हा माझ्याखाली सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा हात पुसत म्हणाला, "बाई, हिचा तळ गंजलाय. मी वेल्डिंग करून देईन, पैसेही घेईन, पण ते वरवरचं ठिगळ, खरं काम नाही. टेकडी आता बंद करा, आणि हिलाही निरोप द्या." सिस्टरांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. ग्रंथपालांनी विचारलं, "मला दाखवता का?" आणि खाली वाकून त्यांनी सगळं नीट पाहिलं.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण मी जाऊ नये म्हणून ज्यानं खरं सांगितलं, तोच आज मी जावं म्हणून खरं सांगत होता. असा एक माणूस तुम्हीही शोधून ठेवा. आणि तो "आता पुरे" म्हणाला, तर त्याही दिवशी त्याचं ऐका.