एनो आफ्राकोमांचं न वाचलेलं मृत्युपत्र

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझ्या वयाची यंत्रं आपल्या कामाची फुशारकी मारतात. मला मात्र तुम्हाला माझी एक चूक सांगायची आहे.

मी परदेशातल्या कारखान्यात तयार झालो आणि जहाजातून घानाच्या किनाऱ्यावर उतरलो. अकरा वर्षं कोकोच्या एका कचेरीत पत्रं छापली. कचेरी बंद पडली तेव्हा तिथले कारकून बेदिआतुओ मला डोक्यावर घेऊन आपल्या गावी आले. तिथल्या कोर्टाच्या आवारात, आंब्याच्या झाडाखाली त्यांनी टेबल मांडलं. लोक त्यांना ‘क्राक्ये’ म्हणत. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला आमच्याकडे असंच म्हणतात. लोक आपल्या ट्वी भाषेत सांगत आणि क्राक्ये माझ्यावर कोर्टाच्या इंग्रजीत उतरवत. अर्ज, तक्रारी, शहरात गेलेल्या मुलांना बोलावणी, मृत्युपत्रं.

माझ्या एका अक्षराची दांडी वरचेवर अडकायची. ती अडकली की क्राक्ये थांबत, बोटानं ती सोडवत आणि मागची ओळ पुन्हा वाचत. समोर बसलेली माणसं टोमणे मारत. “क्राक्ये, हे यंत्र आहे की खोकणारी बकरी?”

“बकरीला पाला लागतो,” क्राक्ये म्हणत. “हिला फक्त धीर लागतो.”

मृत्युपत्रांबाबत एक कायदा होता. ज्याला अक्षर येत नाही त्याला मृत्युपत्र आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं, त्याच्या भाषेत समजवायचं, मग अंगठा घ्यायचा. आणि वाचणाऱ्यानं ‘मी वाचून समजावलं’ असं खाली लिहून सही करायची. शेवटच्या त्या तीन ओळी मला पाठ होत्या. पण आमच्या लोकांची रीत वेगळी. मृत्युपत्र वाचायचं ते माणूस गेल्यावर, चाळिसाव्या दिवशी, सगळ्या कुळासमोर. जिवंत माणसाच्या तोंडावर ते वाचणं म्हणजे त्याचा चाळिसावा दिवस त्याच्याच अंगणात घालणं. म्हणून क्राक्ये हळू आवाजात वाचत, ऐकणारा तोंड फिरवून बसे, आणि कायदा व रीत दोन्ही कसेबसे सांभाळले जात.

एके दिवशी आम्हाला एनो आफ्राकोमांच्या घरी बोलावणं आलं. एनो म्हणजे आजी; त्या साऱ्या गावाच्याच आजी होत्या. स्वतः जंगल तोडून त्यांनी कोको लावला होता. मूलबाळ नव्हतं. त्या आजारी होत्या आणि त्यांना ओढ्याअलीकडची जमीन चॅपलला, म्हणजे गावाच्या छोट्या चर्चला, द्यायची होती. जुनं चॅपल ओढ्यापलीकडे होतं. पावसाळ्यात पाणी चढलं की म्हाताऱ्यांची प्रार्थना चुकायची.

जाण्याआधी क्राक्येंनी मला शिवणयंत्राचं तेल घातलं. एनोंसमोर मी असा चाललो की एकदाही अडकलो नाही.

“आज तुझी बकरी खोकली नाही रे,” एनो म्हणाल्या.

“तुम्हाला भ्यायली, एनो.”

मी फुशारून गेलो. एरवी मी अडकलो की क्राक्येंना मागचं वाचायची सवय होती. त्या दिवशी मी तेवढंही करू दिलं नाही. कागद बाहेर काढून क्राक्येंनी घसा साफ केला. तेवढ्यात तिथे बसलेले चॅपलचे वडीलधारे आग्या द्वोमो (आग्या म्हणजे बाबा) यांनी त्यांचा हात दाबला. “बाईंचे डोळे बघ. यांच्या कानावर तू ते घालणार? बऱ्या होऊ देत, मग वाच.”

एनोंनी विचारलं, “सगळं लिहिलंस ना?”

“सगळं, एनो.”

त्यांनी अंगठा टेकवला. दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. वाचलं नव्हतं, म्हणून त्या तीन ओळी क्राक्येंनी माझ्यावर छापल्या नाहीत. खोटं कसं लिहायचं? पुढच्या आठवड्यात येऊन वाचू, मग लिहू, असं त्यांनी ठरवलं. ते जमायच्या आतच, अकराव्या दिवशी एनो गेल्या.

चॅपलची मंडळी कागद घेऊन कोर्टात गेली. पहिल्याच दिवशी त्यांच्याच वकीलबाईंनी विचारलं, “चॅपल म्हणजे कोण?”

“आम्ही सगळे,” आग्या द्वोमो म्हणाले.

“‘आम्ही सगळे’ या नावावर जमीन चढत नाही, आग्या. नोंदलेले विश्वस्त आणा.”

ते विश्वस्त चॅपलच्या मुख्य कचेरीतून मिळेपर्यंत आठ महिने गेले. तोवर एनोंच्या बहिणीचा मुलगा बेम्पोंग यानं हरकत घेतली होती. आमच्याकडे मावशीची मालमत्ता भाच्याकडे येते. तो काही लुच्चा नव्हता. “बारा वर्षं त्या झाडांच्या शेंगा मी फोडल्या,” तो म्हणाला. “मावशीनं खरंच दिली असेल, तर माझा एक शब्द निघणार नाही. पण त्या कागदात काय आहे हे तिला कुणी वाचून दाखवलं, तेवढं सांगा.”

क्राक्येंच्या साक्षीच्या आदल्या दुपारी आग्या द्वोमो आंब्याखाली आले.

“एवढंच म्हण, वाचलं होतं, लिहायचं राहिलं. अख्खं गाव दुवा देईल.”

“बायबलवर हात ठेवून?”

“चॅपलसाठीच की.”

“मला नको म्हणालात तेही तुम्हीच, आग्या.”

“मग तू ऐकलंस कशाला?” आग्या म्हणाले, आणि मान खाली घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी क्राक्येंनी खरं सांगितलं. एनो जिवंत बसल्या होत्या, त्यांच्या तोंडावर माझ्याच्यानं वाचणं झालं नाही, असं म्हणाले. न्यायाधीशांनी कागद बाद केला. जमीन कुळाकडे, म्हणजे बेम्पोंगकडे गेली. पुढच्या पावसात म्हाताऱ्यांना घेऊन चॅपलला जाणारी माणसं पुन्हा ओढ्याकाठी थांबू लागली.

क्राक्येंचं काम तुटलं. वर्षभर कुणी आमच्या टेबलाशी मृत्युपत्र लिहून घ्यायला आलं नाही. माझ्या कळांवर आंब्याचा चीक पडला, तोही कुणी पुसला नाही. मग एक म्हातारा आला. त्याचं लिहून झाल्यावर क्राक्ये उभे राहिले आणि ठणठणीत आवाजात वाचू लागले. म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले. क्राक्ये थांबले नाहीत. दुसऱ्या परिच्छेदाला म्हाताऱ्याचे हात आपोआप खाली आले.

“थांब,” तो म्हणाला. “ती विहीर माझी नाही. भावाची आहे. मी असं कुठं सांगितलं?”

मित्रांनो, तेव्हा मला खरी लाज वाटली. तोवर मी समजत होतो की आमच्यामुळे चॅपलची जमीन गेली, एवढाच आमचा दोष. पण एनोंनी ऐकलं असतं तर त्याही एखाद्या ओळीवर ‘थांब’ म्हणाल्या असत्या का? बेम्पोंगसाठी एखादा तुकडा राखायला सांगितला होता आणि तो माझ्याकडून गळला, असं झालं असेल का? मला ठाऊक नाही. क्राक्येंनाही नाही. जिला ठाऊक होतं, तिला आम्ही विचारलंच नाही.

तुमच्या घरात अक्षर न येणारं कुणी कागदावर अंगठा टेकवत असेल, तर आधी तो कागद त्यांना वाचून दाखवा. मोठ्यानं, त्यांच्या भाषेत, पहिल्या ओळीपासून. ते रागावतील, तोंड फिरवतील, कदाचित रडतील. तरी वाचा, आणि ते ‘थांब’ म्हणाले तर थांबा.