शेवटचं नाव

आमच्या शहागडला जेवताना कुणाला ठसका लागला की घरचे नावं घेतात. आठवण काढणाऱ्याचं नाव आलं की ठसका थांबतो.

माझ्या शेजारच्या बद्रीनाथच्या घशात सहा महिने रोज भाकरी अडकून ठसका लागत होता. त्याची बायको झुंबरबाई पाठीवर थापा मारत मुली, जावई, व्याही, मावशा सगळ्यांची नावं घेई. बद्रीनाथच्या थोरल्या भावाचं, काकासाहेबाचं नाव सर्वांत शेवटी, कारण बांधावरून भावाभावांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तोवर घास आपोआप खाली उतरलेला असे. झालं! काकासाहेब भावाची आठवण काढतो, हे गावभर झालं.

"म्या बिलकुल काढत न्हाई!" काकासाहेब पारावर ओरडला. कुणी ऐकेना. बद्रीनाथ वाळून काडी झाला, पण मनातून खूश होता.

शेवटी झुंबरबाईनं त्याला ओढत जालन्याला नेलं, सोबत मीही गेलो. डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं, स्कॅन केला. म्हणाल्या, "अन्ननलिकेत गाठ आहे. साधी आहे, कॅन्सर नाही. दुर्बिणीतूनच काढता येईल."

"मंग दादाची आठवण?" बद्रीनाथनं विचारलं.

"ती स्कॅनमध्ये दिसत नाही."

"मंग गाठ ऱ्हाऊ द्या," म्हणत बद्रीनाथ उठला. गाठ गेली की भाऊ गेला, असं त्याचं गणित. मला राग आला आणि रडूही आलं.

झुंबरबाईनं थेट काकासाहेबाला फोन लावला. तो तासाभरात हजर. "काढ ती गाठ जल्दी! गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई मला!" अकरा वर्षांनी दादा बोलला होता. बद्रीनाथनं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

महिनाभर पेज आणि खिचडी झाली. मग पहिल्या भाकरीला काकासाहेब चार साक्षीदार घेऊन आला. घास सरळ खाली गेला.

"बघा! ठसका न्हाई!" काकासाहेब गरजला. साक्षीदारांना पटलं आणि ते घरी गेले. तो मात्र दारातच उभा राहिला. आता त्याचं नाव कुणी घेणार नव्हतं.

बद्रीनाथनं ते पाहिलं. दुसरा घास घेतला आणि मुद्दाम खोकला, इतका खोटा की मलाच लाज वाटली. झुंबरबाई सवयीनं धावली, थापा मारत मुलींपासून सुरू झाली.

"झुंबर," काकासाहेब चप्पल काढून आत येत म्हणाला, "मधली नावं सोड. माझं घे."