नदीकडे पाठ

"दोरीपलीकडं एकानंही पाऊल टाकायचं नाही!" शाळा तपासायला आलेले साहेब ओरडले आणि कोळणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन दिवस नदीत वाकून वाकून तिने एक दगड शोधला होता. पोरांच्या मुठीत मावेल एवढाच, वर शेवाळ, खाली वाळूचे कण चिकटवून इवली घरं बांधलेले किडे. शाळेतल्या बाईंनीच तिला गळ घातली होती. "मावशी, पोरं नदीकाठची, पण पाण्याला घाबरतात. फळ्यावर नदी काढून थकले मी. नदीवरचा पहिला वर्ग साहेबांना पटला, तर दर शनिवारी इथं येता येईल."

साहेबांनी पाण्याच्या अलीकडे दोरी बांधून अठरा पोरं काठावर एका रांगेत उभी केली, तीही नदीकडे पाठ करून. का, तर फोटोत मागे नदी दिसायला हवी. मग अर्धा तास निसर्गाचं महत्त्व सांगितलं. तेवढ्यात मागे खंड्या पक्ष्याने पाण्यात दोनदा सूर मारला. एकाही पोराने पाहिला नाही.

"साहेब, तोंडं फिरवू द्या की," कोळीण म्हणाली. "ताटाकडं पाठ करून पोट भरतंय का कुणाचं?"

"एखाद्याचा पाय घसरला तर जबाबदारी कोणाची? बाई, असंच असेल तर शनिवार विसरा. आणि मावशी, तुम्ही फोटोत येताय. खाली बसा."

बाईंनी मान खाली घातली. कोळीण रांगेमागे, पाण्यालगत बसली. दगड भिरकावून सरळ घर गाठावं, असंच वाटत होतं तिला.

"चुळबूळ बंद! सगळ्यांनी हात मागे!"

छत्तीस हात थेट तिच्या नाकासमोर आले. तिने ओला दगड पहिल्या हातात ठेवला आणि कुजबुजली, "दाबू नको. घरं आहेत खाली. पुढं दे."

पोरगं दचकलं. मग त्याची बोटं हळूच शेवाळावरून फिरली, खाली गेली. काहीतरी हललं. त्याला हसू फुटलं. दगड हातोहात पुढे सरकला, आणि हसूही. रांगेमागून कोळीणही बसल्या बसल्या सरकत गेली.

शेवटच्या पोरीने तो मागे देताना मान न वळवता बजावलं, "मावशी, शेवाळ वरच ठेव हां. नायतर घरं उघडी पडतील."

साहेब फोटो बघून खूश झाले. "शिस्त बघा! आणि चेहरे! भाषण भलतंच आवडलं पोरांना. आणा दर शनिवारी. पण असंच, नदीकडं पाठ करून."

बाईंचा चेहरा पडला. कोळणीने हात पदराला पुसले.

"आणू की साहेब," ती म्हणाली. "फक्त हात मागं पाहिजेत."