मागचं परवा की पुढचं?

मी सात खणांची डबी बोलतेय. गोळ्यांची डबी. अंगानं निळी, झाकणं पारदर्शक, प्रत्येक झाकणावर एकेका वाराचं अक्षर. माझं काम सोपं आहे. खण भरलेला असला तर गोळी घ्यायची राहिली, रिकामा असला तर घेतली. इतकी सरळ जात माझी, आणि तरीही माझा केसानं गळा कापला गेला.

औषधांच्या दुकानात मी खोकल्याच्या गोळ्यांशेजारी बरेच दिवस धूळ खात पडले होते. तिथून मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं उचललं. पैसे देण्याआधी त्यानं माझं एकेक झाकण उघडून मिटून पाहिलं. त्याच्या धंद्यात दार नीट मिटलं नाही तर माणूस जिवाला मुकतो. मला वाटलं, चांगल्या घरी पडले.

त्यानं मला घेतलं ते बायकोसाठी. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते, म्हणून मी तिला काचवाली म्हणते. लग्नाआधी ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. मग दोन बाळंतपणं झाली, थायरॉईड मागे लागला, रक्त कमी झालं आणि बूट माळ्यावर गेले. पंचेचाळिशीत तिनं ते पुन्हा खाली काढले. जिना चढताना धापा टाकणारी बाई अर्ध मॅरेथॉन धावायची म्हणाली. घरात सगळे हसले, लिफ्टवाला हसला नाही.

डॉक्टरीणबाईंनी अट घातली. रक्त वाढलं तर शर्यत, नाही तर बागेतल्या फेऱ्यांवर समाधान मानायचं. थायरॉईडची गोळी रोज उपाशीपोटी, लोहाची एक दिवसाआड, आणि ड जीवनसत्त्वाची रविवारी. दर रविवारी सकाळी लिफ्टवाला चष्मा लावून मला भरायचा. आठवड्याचे वार सात आणि गोळी दिवसाआड, त्यामुळे लोहाचे खण दर आठवड्याला बदलायचे. तो बोटांवर मोजत बसायचा, पण कधी चुकला नाही.

सुरुवातीला तिनं सगळं नीट घेतलं. गालांवर रंग आला, फेऱ्या वाढल्या. मग एका सकाळी धावता धावता लोहाच्या गोळीनं पोटात असा मुरडा आणला की काचवालीला झुडपाआड पळावं लागलं. सोबतच्या बायका तोंड फिरवून हसल्या. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की शर्यत होईपर्यंत लोह बंद.

हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं तर दुसरी गोळी मिळाली असती. पण सांगितलं तर धावणंच थांबवतील, ही तिची भीती. म्हणून ती माझ्यातून गोळी काढायची आणि कपाटातल्या एका जुन्या मोज्यात टाकायची. औषध फेकायला मन धजत नव्हतं. औषध टाकू नये असं तिची आई सांगायची. घ्यायचं असतं, हे मात्र ती विसरली.

संध्याकाळी लिफ्टवाला विचारायचा, "लोहाची?"

"परवा," ती म्हणायची.

परवा घेतली की परवा घेणार, हे त्या शब्दाला विचारून उपयोग नाही. आपल्या भाषेतला तो मोठा लबाड शब्द, त्याला दोन्हीकडे तोंडं आहेत. गोळी दिवसाआडची, त्यामुळे तो खपून जायचा. शिवाय तिला वाटायचं की आपण खोटं बोललोच नाही. तो मान हलवायचा आणि माझा रिकामा खण पाहून निर्धास्त व्हायचा. खोटी साक्ष माझ्याकडून वदवून घेतली जात होती आणि मला तोंड नव्हतं.

तपासणीत रक्त वाढायच्या ऐवजी आणखी उतरलं. डॉक्टरीणबाईंनी शर्यतीवर काट मारली. लिफ्टवाला तडक औषधाच्या दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला नाही नाही ते बोलला. गोळ्या बनावट आहेत, तुम्ही माझ्या बायकोच्या जिवाशी खेळलात, म्हणाला. दुकानदार खाली मान घालून पावत्या शोधत राहिला. काचवाली शेजारीच उभी होती. मी तिच्या पिशवीत होते. ती मूग गिळून गप्प राहिली. एका शब्दानं त्या माणसाची अब्रू वाचली असती. तो शब्द तिनं काढला नाही, तेव्हा माझं मन तिच्यावरून उतरलं.

पुढच्या रविवारी तिचे धावायचे मोजे सापडेनात, म्हणून लिफ्टवाला कपाट धुंडाळू लागला. शर्यत नाही तर नाही, निदान बागेत तरी जा, असं तोच म्हणाला होता. त्यानं जुना मोजा उचलून झटकला आणि फरशीवर लाल गोळ्या उड्या मारत गेल्या. त्या त्यानंच माझ्यात भरल्या होत्या. त्यानं त्या एकेक करून वेचल्या.

"तुझं परवा मागचं होतं की पुढचं?" एवढंच त्यानं विचारलं.

तो तसाच चपला घालून औषधाच्या दुकानात गेला आणि दुकानदाराची हात जोडून माफी मागून आला. ती मागे निघाली होती, पण त्यानं थांब म्हटलं.

आता मला ती स्वतःच भरते. गोळी बदलून मिळाली आहे, पोट कुरकुरत नाही, पुढच्या वर्षी धावता येईल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. लिफ्टवाला जेवतो, बोलतो, बिघडलेल्या लिफ्टच्या गमती सांगतो. फक्त लोहाचं विचारत नाही.

काल संध्याकाळी तो दारात बूट काढत होता. काचवाली मला हातात घेऊन उगाच त्याच्या समोर उभी राहिली. त्यानं विचारावं म्हणून थांबली. तो हात धुवायला आत गेला. मग ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आज घेतली."

खरंच घेतली होती, मी साक्षीदार आहे. पण माझा रिकामा खण आता त्या घरात कुणी बघत नाही, आणि खरं सांगते, माझा मलाही तो खरा वाटत नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्याशी तरी सरळ वागा.