खूण केली तिथे सही

"आपला पुकारा कधीही होईल," वकीलबाई पुन्हा म्हणाल्या, आणि काका आपले चष्मा पुसत बसलेले. बाकावर शेजारी बसलेल्या पुतणीचा जीव टांगणीला लागला होता.

बँकेत विमा खपवायचं फर्मान आलं की अधिकारी आधी घरच्यांना गाठतात. परक्याला पटवावं लागतं, घरच्याला नुसतं सांगितलं तरी भागतं. तिनेही तेच केलं. काकांनी शिवणकाम करून साठवलेले पैसे तिने 'ठेवच समजा' म्हणत विम्यात घातले. "खूण केलीय तिथे सही करा," म्हणाली होती. पुढे काकूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काका पैसे काढायला गेले, तर ठेव नव्हतीच, उलट पुढचा हप्ता मागितला. काकांनी थेट पोलीस ठाणं गाठलं. तिच्यावर आणि मॅनेजरवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. आता बँकेने पैसे परत केले होते आणि गुन्हा रद्द करावा म्हणून ती आणि मॅनेजर कोर्टात आले होते. काकांनी संमतीची सही दिली तर तिची नोकरी वाचणार, नाहीतर गेलीच.

वकीलबाईंनी काकांचं प्रतिज्ञापत्र पुढे केलं.

"काका, खूण केलीय तिथे..." सवयीने तिच्या तोंडून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

काकांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. उसवलेली शिवण तपासावी तसे ते सावकाश वाचत राहिले. मॅनेजर दारापाशी येरझाऱ्या घालत होता. कागद हिसकावून घ्यावा असं तिला वाटलं. मग वाटलं, त्या दिवशी यांनी असंच वाचलं असतं तर बरं झालं असतं.

बोट थांबलं. "गैरसमजातून तक्रार दिली, असं लिहिलंय. कुणाचा गं गैरसमज?"

"तसं लिहायची पद्धतच आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"मी हिला विचारतोय."

आतून त्यांचा पुकारा झाला. मॅनेजर हातवारे करू लागला.

"कुणाचाच नव्हता, काका. मला सगळं माहीत होतं."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. काकांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.

आत न्यायाधीशांनी विचारलं, सही राजीखुशीने केली का? "वाचून केलीय," काका म्हणाले. गुन्हा रद्द झाला.

बाहेर जिना उतरताना तिने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. काकांनी कठडा धरला.

"काकूला यातलं काही बोलू नकोस," ते म्हणाले. "ती अजून म्हणते, पोरीला कळलं नसेल."