दोन टर्बो आणि आंबा घाट

मित्रांनो, रत्नागिरीजवळच्या पावसला रस्त्याकडेच्या एका आगरात चार चिऱ्यांवर टेकवून ठेवलेली जुनी मोटार तुम्ही पाहिली असेल, तर ती मीच. माझी चाकं कधीच गेली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. पण एके काळी माझं बॉनेट उघडलं की पालीच्या बाजारातली माणसं हातातलं काम टाकून बघायला येत.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. पहिली काही वर्षं मी एका वकिलांकडे रत्नागिरीत कचेरीला ये-जा केली. मग मला विठूने घेतलं. विठू पावसचाच, मालवाहू आगबोटीवर इंजिनखात्यात नोकरीला. त्याने मला हौसेने घेतलं नव्हतं. त्याची बायको मालन पहिल्या खेपेला अडली, तेव्हा तो समुद्रावर होता. मालनचं काळीज लहानपणापासून अधू. डॉक्टरांनी तिला कोल्हापूरला न्यायला सांगितलं होतं. भाड्याची जीप आंबा घाटात तापून बंद पडली. पाणी शोधेपर्यंत वेळ गेला आणि मूल हाती लागलं नाही. विठू घरी आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यानंतर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. घाट न थांबता चढणारी मोटार आपल्या दारात पाहिजे.

सत्त्याऐंशी साली मालनला पुन्हा दिवस गेले. विठू लांबची रजा काढून आला, आणि येताना त्याने जपानच्या एका बंदरातल्या भंगारबाजारातून दोन टर्बो आणले, एक मोठा आणि एक लहान.

टर्बो दिसतो गोगलगाईच्या शंखासारखा. आत एकाच दांडीवर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने एक फिरतो, आणि त्याबरोबर फिरणारा दुसरा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त मिळाली की पेट्रोल जास्त जळतं आणि मोटारीला जोर येतो.

कोल्हापूरच्या रस्त्यावर पालीला भागोजीचं गॅरेज होतं. भागोजी आणि विठू शाळेतले सोबती. दोघांनी दोन्ही टर्बो बाकड्यावर मांडले. भागोजीचा कल लहानाकडे होता, पण त्यालाही खात्री नव्हती. असलं काम दोघांनीही मोटारीवर कधी केलं नव्हतं. विठूने मोठा उचलला. बोटीवरची इंजिनं पाहिलेल्या माणसाला लहान शंख खेळण्यासारखा वाटला असेल.

मोठा टर्बो लागला आणि विठूने मला सड्यावर, गावावरच्या सपाट माळावर, नेलं. सरळ रस्त्यावर मी अशी सुटले की विठू एकटाच मोठ्याने हसला. मलाही, खरं सांगते, गर्व झाला. मग एके दिवशी मालन शेजारी बसली. भाट्याकडून गोळपची चढण लागली. मी खालच्या गतीत कण्हत होते आणि मोठा पंखा आळसावल्यासारखा फिरत होता. जोर हवा तिथे मिळेना. वळण सरलं, विठूने पाय दाबला, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एकदम मागून कोणी लाथ मारावी तसा धक्का बसला. मालनने दोन्ही हात पोटावर धरले.

घरी पोचल्यावर मालनने दार उघडलं. उतरताना म्हणाली, "मला कुणाच्या पुढे जायचं नाय. मला नुसतं पोचायचंय."

विठूने ऐकलं, पण मानलं नाही. पुन्हा पुन्हा तीच चढण, तोच धक्का. शेवटी माझं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची पट्टी, उडालं आणि रेडिएटरमधून वाफ उसळली. विठू रस्त्याकडेला बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने मोठा टर्बो उतरवला आणि भागोजीला म्हणाला, "लहान लाव. वळणावरून उठवणारा पायजे मला."

या सगळ्यात बरेच दिवस फुकट गेले होते. नवव्याच्या सुरुवातीला मालनला कोल्हापूरला नेऊन ठेवायचं ठरलं होतं. लहान टर्बो लागला, घरून मी पुन्हा एकदा पालीला दाखवायला गेले, आणि टर्बोच्या तेलाच्या नळीचा सांधा थोडा पाझरतो हे भागोजीच्या ध्यानात आलं. परवा ये, नवी नळी घालतो, असं तो म्हणाला.

तो परवाचा दिवस आलाच नाही. आदल्या दुपारी मालनच्या पोटात कळा सुरू झाल्या. आठवाही पुरा झाला नव्हता. तिचे ओठ निळे पडले होते. विठूच्या आईने, यमुनाबाईंनी, तिला माझ्या मागच्या सीटवर मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो.

आंब्याचा हंगाम होता. पाली सोडलं, साखरपा मागे टाकलं, आणि घाटाच्या पायथ्याला पेट्यांनी भरलेल्या ट्रकांची रांग लागली. एकेक ट्रक रांगत होता. दोन वळणांमध्ये जेमतेम एक ट्रक मागे टाकण्यापुरती मोकळी जागा. विठू हॉर्न वाजवी, समोरचं बघे आणि पाय दाबी. लहान पंखा लगेच शिट्टी घालून फिरू लागे, आणि पुढच्या वळणाआधी मी ट्रकाच्या पुढे निघून जाई. मोठा असता तर त्याला जाग येईपर्यंत वळण अंगावर आलं असतं.

अर्ध्या घाटात माझ्या अंगाची आग होऊ लागली. सांधा सुटला होता. तेल धुराच्या तापलेल्या नळकांड्यावर ठिबकत होतं आणि मागे पांढरा धूर निघत होता. विठूसमोरचा तेलाचा तांबडा दिवा लागला. त्याला त्याचा अर्थ ठाऊक होता. थांबलं तर इंजिन वाचेल, चालवलं तर जळेल, आणि जळताना कुठे बंद पडेल ते सांगता येत नाही.

त्याचा पाय सैल झाला. ते मालनला मागे कळलं.

"थांबवू नका," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "गेल्या खेपेला हितंच थांबलो होतो."

यमुनाबाई तिच्या कपाळावरून हात फिरवत देवाचं नाव घेत होत्या. विठूचं तोंड घामाने आणि डोळ्यांच्या पाण्याने भिजलं होतं, पण त्याने हात स्टिअरिंगवरून काढला नाही. "एवढं वर ने गो," तो मला म्हणाला. मालनला नव्हे, मला. मोटारीशी तो पूर्वी कधी बोलला नव्हता.

मी गेले. आत लोखंड लोखंडाला खात होतं. प्रत्येक वळणाला वाटे, हे शेवटचं. घाटमाथ्यावर आंबा गावाची पहिली घरं दिसली आणि माझ्या पोटात मोठा आवाज झाला. इंजिन जाम झालं ते कायमचं. सरकत सरकत मी एका चहाच्या टपरीपुढे थांबले. तिथे कोल्हापूरला निघालेली दुधाची गाडी सुटण्याच्या बेतात होती. तिच्या ड्रायव्हरने काही विचारलं नाही. कॅन उतरवून जागा केली. मालनला उचलून नेताना तिचा हात लोंबत होता. तो हलतो आहे का, ते मला धुरात दिसलं नाही.

मित्रांनो, मी बरेच दिवस त्या टपरीपुढे उभी होते. पोरं काचेवर रेघोट्या ओढत. लोक येत आणि माझ्याबद्दल बोलत, पण तिच्याबद्दल कोणालाच माहीत नव्हतं. इंजिन जळालं त्याहून ते मला जड गेलं.

मग भागोजी ट्रक घेऊन मला ओढायला आला. टपरीवाल्याशी बोलताना त्याच्याकडून मला कळलं. मुलगी झाली होती, मूठभर, पण जिवंत. मालन कितीतरी दिवस बेशुद्धीच्या काठावर होती, पण परतली. मोठा टर्बो भागोजीने शर्यतीच्या नादी लागलेल्या एका माणसाला देऊन टाकला. तो टर्बो बघायलाही विठू गेला नाही.

मला भंगारात घालायची गोष्ट निघाली तेव्हा मालन नको म्हणाली, म्हणून मी या आगरात आहे. मी आता कुठेही जाणार नाही. तुम्हाला एकच मागणं आहे. यंत्रात जोर भरायची हौस जरूर करा, पण आधी आत बसणाऱ्याला विचारा की त्याला कुठे जायचंय. आणि पाझरणारा सांधा उद्यावर टाकू नका.

उन्हाळ्यात माझा टप तव्यासारखा तापतो. मालन त्यावर आमसुलं वाळत घालते. आंबट रस पत्रा खातो, हे तिला माहीत आहे. म्हणून आधी ती एक जुनं लुगडं घडी करून माझ्यावर अंथरते, कोपरे नीट ओढते, आणि मग आमसुलं पसरते.